रोटरी इंजिनाच्या विमानात ऊब कुठून आणायची?

रत्नागिरीत जानेवारीतल्या पहाटेही अंगावर शाल घेण्यापलीकडे थंडी पडत नाही. अशा गावच्या माणसाने स्वतः बांधत असलेल्या विमानात हीटर बसवायची भाषा केली, तर ऐकणारे आधी एसीचे काय ते विचारतील. पण विमान मिरजोळ्याच्या धावपट्टीवर उभे असते तेवढाच वेळ ते रत्नागिरीच्या हवेत असते.

वर गेल्यावर

दर 1000 मीटर उंचीला तापमान साधारण 6.5 अंशांनी उतरते. सह्याद्री सुरक्षित अंतर राखून ओलांडायला 3000 मीटरवर गेलात, तर खाली 20 अंश असताना वर कागदावरच्या हिशोबाने शून्याच्या आसपास येते. कोकणावर प्रत्यक्षात हवा बरेचदा याहून उबदार असते. तरी दाराच्या फटींतून वारा येणाऱ्या छोट्या केबिनमध्ये तासभर बसल्यावर बोटे आखडतातच.

कोकणासाठी याहून महत्त्वाचे कारण आहे काच. वर गारठलेली काच घेऊन विमान किनाऱ्याकडे उतरू लागले, की समुद्रावरची दमट हवा तिला भेटते आणि ऐन उतरताना काच धुरकटते. बाहेरून धरलेले बाष्प आतून पुसता येत नाही. उतरायला लागण्याआधीच काचेवर गरम हवा सोडून ती तापवून ठेवणे हा त्यावरचा इलाज. रत्नागिरीकराने हीटर पायांसाठी मागावा, पण त्याचा पहिला झोत काचेकडे वळवावा.

इंजिनाची ओळख

फेलिक्स वांकेल या जर्मन तंत्रज्ञाच्या कल्पनेवरचे पहिले चालते रोटरी इंजिन एनएसयू कंपनीत 1957 मध्ये फिरले. यात वर-खाली होणारा दट्ट्या नसतो. तिकोनी रोटर फिरतो. घरी विमान बांधणारे रोटरीसाठी बहुधा माझदा कंपनीच्या आरएक्स-7 मोटारीतले 13बी इंजिन घेतात. दोन रोटर, मिळून 1308 घनसेंटिमीटर, आटोपशीर आणि कंपन कमी.

महाराष्ट्राला ही दोन्ही वेडे परकी नाहीत. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याची व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी झाली. आणि अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, डीआरडीओच्या वाहन संशोधन संस्थेने इतर संस्थांबरोबर निशांत या वैमानिकरहित विमानासाठी 55 अश्वशक्तीचे वांकेल इंजिन घडवले. ते लावून निशांत 2009 मध्ये उडाले. निशांतमध्ये माणूस बसत नाही, त्यामुळे कोणाचे पाय गारठतात हा प्रश्न तिथे आला नाही.

एक्झॉस्टच्या वाटेला जाऊ नये

हवेने थंड होणाऱ्या नेहमीच्या विमान इंजिनांत केबिन तापवायची रीत सोपी आहे. एक्झॉस्ट पाइपभोवती पत्र्याचे वेष्टण घालायचे, त्या पोकळीतून बाहेरची हवा फिरवायची आणि केबिनमध्ये सोडायची. स्वस्त, हलके. धोका एकच, पण जीवघेणा: पाइपला चीर गेली की त्याच हवेतून कार्बन मोनॉक्साइड आत येतो. जानेवारी 2019 मध्ये फुटबॉलपटू एमिलियानो साला ज्या छोट्या विमानात होता ते इंग्लिश खाडीत कोसळले. त्याच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी 58 टक्के या वायूने अडवलेले होते. तपासात संशय एक्झॉस्टच्या गळतीवरच गेला.

रोटरीत हा धोका दुणावतो. तिच्यात एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह नसतो. रोटरची कड पुढे सरकते आणि छिद्र झटक्यात उघडते. वायू 900 अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही तप्त, आणि प्रत्येक वेळी तडाखा देत बाहेर पडतो. चांगल्या स्टेनलेस स्टीलचे मफलरही त्यात फाटतात. शिवाय लांबट, चपट्या ज्वलनकक्षात इंधन पुरते जळत नाही, म्हणून या धुरात विषारी वायूही सढळ. अशा पाइपाभोवती वेष्टण घालून ती हवा हुंगायची, हे मला तरी मान्य नाही.

पाण्यातली उष्णता

सुदैवाने रोटरी पाण्याने आणि तेलाने थंड होते. या दोहोंतून फेकल्या जाणाऱ्या उष्णतेचा साधारण दोन तृतीयांश वाटा पाण्याकडे आणि एक तृतीयांश तेलाकडे असतो. 160 अश्वशक्तीच्या इंजिनात ही उष्णता दोन आकडी किलोवॉट भरते. दोन आसनी केबिनला दोन-तीन किलोवॉट पुरतात. म्हणजे मोटारीत असतो तसा छोटा हीटर कोर, म्हणजे गरम पाणी फिरवणारी जाळी, आणि पंखा एवढ्यावर काम भागते.

यात आणखी एक फायदा दडलेला आहे. कूलंट 80 ते 90 अंशांवर फिरतो, त्यामुळे झोत त्याहून गरम होऊच शकत नाही आणि ॲक्रिलिकची काच सुरक्षित राहते.

पण जोडणी नीट हवी. पंपाच्या दाबाच्या बाजूने कूलंट घ्यायचा, शोषणाच्या बाजूला परत सोडायचा. कोर इंजिनापेक्षा उंचावर बसला तर त्यात हवा अडकते, म्हणून सर्वात वरच्या बिंदूला हवा काढायचा स्क्रू ठेवावा. आणि फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन व केबिन यांच्यामधल्या भिंतीच्या, इंजिनाकडच्या बाजूला, ये-जा अशा दोन्ही पाइपांवर, वैमानिकाला बसल्या जागी बंद करता येतील असे व्हॉल्व्ह हवेतच. केबिनमध्ये होज फुटला तर वाफेने काच आंधळी होते, पाय भाजतात, आणि कूलंट संपला की रोटरीची सीलं जळायला वेळ लागत नाही.

पंख्याने हवा बाहेरून किंवा केबिनमधूनच घ्यावी, इंजिनाच्या कप्प्यातून कधीही नाही. कार्बन मोनॉक्साइडचा डिजिटल अलार्म तरीही लावाच. फायरवॉलच्या भोकांतून धूर कुठूनही शिरतो.

इंजिन पाठीमागे असेल तर

लाँग-ईझीसारख्या विमानांत इंजिन शेपटाकडे असते. कोर पुढे न्यायचा तर जाऊन-येऊन सहा मीटर होज लागतो. 16 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या होजात सव्वा लिटर कूलंट जास्तीचा बसतो. काही जण त्याऐवजी तेलाच्या नळ्या नाकापर्यंत नेऊन ऑइल कूलरच तिथे बसवतात. ऊब मिळते, पण पायांशेजारून गरम, पेट घेणारे तेल वाहते. सव्वा लिटर पाण्याचे ओझे मला परवडेल.

वीज आणि पेट्रोल

आसनाखालची गरम गादी किंवा तापणारे जाकीट 50 वॉटच्या आसपास घेते आणि अंगाला थेट ऊब देते. काचेला मात्र काही नाही. मोटारीतून आलेल्या रोटरीची प्रज्वलन यंत्रणा आणि इंधनाचे पंप विजेवरच चालतात, म्हणून अल्टरनेटर बंद पडला की आधी गादी बंद. पेट्रोल जाळणारा स्वतंत्र हीटर वजनदार, देखभालीला कटकटीचा, आणि त्यालाही धूर असतोच. कोकणच्या हवामानाला तो अतिच झाला.

खारा वारा आणि मे महिना

किनाऱ्यावर ॲल्युमिनिअमचा कोर बाहेरून पांढरट पडून कुजतो. कूलंटमध्ये खाडीजवळच्या विहिरीचे पाणी घालू नये. डिस्टिल्ड पाणी आणि ग्लायकॉल निम्मे-निम्मे. व्हॉल्व्ह महिनोन्महिने बंद राहिला की अडकतो, तेव्हा पावसाळ्यातही तो अधूनमधून फिरवावा.

मे महिन्यात चढताना कूलंटचा काटा लालकडे सरकू लागला, तर हीटर पूर्ण उघडावा. दोन-तीन किलोवॉट उष्णता तेवढीच कमी होते, काटा कधी थांबतो, कधी नाही. चढ कमी करून नाक खाली घेणे हाच खरा उपाय. तोवर केबिनमध्ये घामाच्या धारा लागतात.