हळदीने किडनीचा कॅन्सर बरा होतो का?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांत काम करणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांना या प्रश्नाचे नेमके उत्तर माहीत हवे.

हळदीत कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य असते. प्रयोगशाळेत किडनीच्या कॅन्सरच्या पेशींवर ते टाकले की पेशी मरू लागतात, असे संशोधनात दिसले आहे. पण हे काचेच्या बशीत घडते. पोटात गेलेले कर्क्युमिन रक्तात फारच थोडे पोचते. म्हणून ते या कॅन्सरवरचे सिद्ध औषध नाही.

वनस्पतींतून औषधे मिळतात. सदाफुलीतून व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरचे औषध मिळाले, पण शुद्धीकरण, ठरलेला डोस आणि रुग्णांवरील चाचण्यांनंतरच. उलट सापसण या वनस्पतीतील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल किडनी निकामी करते, मूत्रमार्गाचा कॅन्सरही घडवते. नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे.

लघवीतून रक्त गेले, मग दुखत नसले तरी, काढे घेत थांबू नका. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात दाखवा, सोनोग्राफी करून घ्या. गरज पडल्यास परळचे टाटा रुग्णालय लोकलच्या अंतरावर आहे. गाठ किडनीपुरतीच असताना शस्त्रक्रिया झाली, तर रुग्ण बरा होण्याची शक्यता चांगली असते. काढ्यात गेलेले महिने मात्र परत मिळत नाहीत.