‘ड्वार्फ’ म्हणजे नक्की काय? कुंडीत फळझाड लावायचंय, तर हे ऐकून मगच पैसे द्या

(या भागाचं लिखित रूप. मधले ‘अं’, ‘म्हणजे’ आणि वरच्या मजल्यावरच्या ड्रिलिंगचा आवाज काढलाय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

गेल्या महिन्यात विचारलं होतं, पुढचा भाग कशावर करू? तर सगळ्यात जास्त मेसेज आले ते बाल्कनीतल्या फळझाडांवर. बऱ्याच जणांनी स्क्रीनशॉट पाठवलेत. हातभर उंचीचं झाड, त्याला पानांपेक्षा जास्त आंबे, खाली लिहिलंय ‘ड्वार्फ, बारमाही, पहिल्याच वर्षी फळ’. आणि प्रश्न एकच, घेऊ का?

उत्तर देण्याआधी माझी फजिती सांगतो. तीन वर्षांपूर्वी मीही असंच एक ‘ड्वार्फ हापूस’ ऑनलाइन मागवलं. १,२९९ रुपये, डिलिव्हरी फ्री. आलं तेव्हा पानं मलूल होती, पण महिन्याभरात खालून छान नवी फूट आली. मी खूश. सव्वा वर्ष न चुकता पाणी घातलं, शेणखत घातलं, ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकले. मग आईबाबा कायमचे आमच्याकडे राहायला आले. देवरुखजवळ आमची थोडी कलमं आहेत, ती बाबांनी गुडघ्यांमुळे करारावर दिली. पुण्याच्या सातव्या मजल्यावर त्यांचा वेळ कसा जाणार, ही मला काळजी. म्हटलं, चला, आंबा आहे, बघतील त्याच्याकडे.

बाबा बाल्कनीत गेले. खाली वाकले, बुंध्यावरून अंगठा फिरवला, एक पान चुरडून वास घेतला. म्हणाले, “हे रायवळ आहे रे. कलम कधीच मेलंय. तू खालची कोय वाढवतोयस.”

आजचा सगळा भाग त्या अंगठ्याबद्दल आहे असं समजा. त्यांनी तिथे काय शोधलं, ते कळलं की खरेदीतली अर्धी लढाई जिंकली.

कलम म्हणजे दोन झाडं एकावर एक. खाली खुंट, म्हणजे मुळं आणि थोडा बुंधा. आंब्यात तो बहुतेक वेळा रायवळ कोयीपासून वाढवलेला असतो. त्यावर हव्या त्या जातीची काडी बांधतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर एकाचं, सॉफ्टवेअर दुसऱ्याचं. फळ येतं ते वरच्या काडीचं. काडी मेली तरी खुंट जिवंत राहतो, जोमाने फुटतो आणि आपल्याला वाटतं झाड लागलं! कोयीपासून वाढलेल्या रायवळाला फळ धरायला पाच-सात वर्षं सहज लागतात, आणि ते कसं निघेल ते त्या झाडालाच ठाऊक. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही तो याचमुळे. कोयीतून येणारं रोप आईची हुबेहूब प्रत नसतं.

आता ‘ड्वार्फ’. हा शब्द रुळला सफरचंदामुळे. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात ईस्ट मॉलिंग नावाचं संशोधन केंद्र आहे. तिथे गेल्या शतकाच्या सुरुवातीला सफरचंदाच्या खुंटांचं वर्गीकरण झालं. त्यातला एम-९ नावाचा खुंट वापरला की वरची जात कोणतीही असो, झाड ठेंगणंच राहतं. म्हणजे तिकडे ‘ड्वार्फ’ ही खुंटाची करामत आहे आणि खुंटाचं नाव लेबलवर असतं. आपल्याकडच्या आंब्याला असा सहज मिळणारा ठेंगणा खुंट नाही. वेल्लईकोलुंबन नावाच्या दक्षिणेतल्या आंब्याच्या खुंटावर हापूस कमी वाढतो, हे प्रयोगांत दिसलंय. पण कोपऱ्यावरच्या नर्सरीत तुम्हाला तो मिळणार नाही. मग नर्सरीवाला ‘ड्वार्फ हापूस’ म्हणतो तेव्हा त्याच्याकडे काय असतं? साधं कलम. जमिनीत लावलं तर चांगलं मोठं होणारं. ते फसवणूकच असतं असं नाही, कारण कोणतंही कलम कुंडीत जमिनीपेक्षा लहानच राहतं. मुळांना जागा कमी, त्यात आपण छाटणी करतो. पण ‘ड्वार्फ’ या शब्दासाठी तिप्पट पैसे द्यायचं काही कारण नाही.

खरोखर ठेंगणी अशी जात मात्र मिळते. आम्रपाली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून काढली, १९७१ साली. झाड आटोपशीर, आणि मुख्य म्हणजे दर वर्षी फळतं. हापूस एक वर्ष भरभरून आणि पुढच्या वर्षी रुसून, हा त्याचा स्वभाव कोकणात सगळ्यांना माहीत आहे. चाळीस कलमं असतील तर चालतं, एकच कुंडी असेल तर नाही चालत. दुसरी जात सदाबहार. राजस्थानात कोट्याचे शेतकरी श्रीकिशन सुमन यांनी निवड पद्धतीने विकसित केलेली, ठेंगणी, आणि वर्षातून एकाहून जास्त वेळा फळणारी. फक्त ‘बारमाही’ अशी पाटी लावलेलं प्रत्येक झाड सदाबहार नसतं. जातीचं नाव विचारा. नाव सांगता आलं नाही तर पुढे चला.

आंब्यावरच एवढा वेळ गेला, कारण सगळ्यांना आंबाच हवा असतो. पण खरं सांगू? पहिलंच झाड असेल तर आंबा घेऊ नका. कागदी लिंबू घ्या, गुटी कलमाचं. म्हणजे झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून वेगळं केलेलं. त्यात खुंट नाही, सांधा नाही, त्यामुळे माझ्यासारखी फजितीही नाही. लिंबाचं बियांचं रोपसुद्धा बहुतेक आईसारखंच निघतं, पण फळायला चार-पाच वर्षं घेतं. गुटीचं झाड दीड-दोन वर्षांत लिंबं देतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘साई सरबती’ ही जात मिळाली तर उत्तम. पानं खाणाऱ्या अळ्या येतील, त्या हाताने वेचायच्या. मी दोन-तीन ठेवतो, त्यांची फुलपाखरं फार सुंदर होतात. आईला हे अजिबात पटत नाही.

पेरू तर कुंडीसाठीच जन्माला आलाय. त्याला नव्या फुटीवर फूल येतं, म्हणजे छाटलं की फुटणार आणि फुटलं की फुलणार. आकार लहान ठेवण्यासाठी जी छाटणी करायची तीच फळाच्या कामी येते. सरदार म्हणजेच लखनौ-४९ घ्या. नावात लखनौ असलं तरी ही निवड पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात झालेली आहे, म्हणजे अगदी घरचा माणूस.

डाळिंबात भगवा. झुडूपच असतं, त्यामुळे उंचीची कटकट नाही. पण पाण्यात एक दिवस पूर, चार दिवस दुष्काळ असं केलं तर फळं तडकतात. ट्रेकला जाणाऱ्यांनी विचार करून घ्या. अंजीर फांदीच्या तुकड्यापासून सहज होतं आणि आपल्या पुणेरी अंजिराला फळ धरायला परागीभवन लागतच नाही, त्यामुळे एकटं झाड पुरतं. पावसाळ्यात पानांवर तांबेरा येतो, तेव्हा घाबरू नका. चिकू होतो कुंडीत, पण संथ. ‘कालीपत्ती’ खिरणीच्या खुंटावर बांधलेली घ्या.

पपईत एक गंमत आहे. ‘पुसा नन्हा’ ही खरोखरची बुटकी पपई. कुंडीसाठी म्हणून हौसेने सुचवली जाते. पण तिच्यात नर आणि मादी झाडं वेगळी. रोप लहान असताना कोण काय ते ओळखू येत नाही. एकच रोप आणलंत आणि नर निघालं तर वर्षभर फक्त फुलं बघायची! बाल्कनीत चार कुंड्या मांडून जुगार खेळण्यापेक्षा ‘रेड लेडी’सारखी जात घ्या. तिच्यात काही झाडं मादी आणि काही उभयलिंगी असतात, निव्वळ नर नसतात.

सफरचंदाबद्दल विचारणाऱ्यांनो, हिमाचलच्या हरिमन शर्मांची एचआरएमएन-९९ ही कमी थंडीत फळणारी जात खरी आहे, थट्टा नाही. पण पुण्या-मुंबईच्या बाल्कनीत पहिलं झाड म्हणून? नको.

बरं, आता प्रत्यक्ष खरेदी. जून-जुलैमध्ये जा, एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर. तेव्हा नवा माल आलेला असतो आणि झाडाला रुजायला पुढे चार महिने सोपे जातात. शक्यतो स्वतः जा. कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिका, म्हणजे राहुरी, दापोली, पुण्यात कृषी महाविद्यालय आणि गणेशखिंड, आपल्यालाही झाडं विकतात. तिथे चकाचक कुंडी मिळत नाही, पण जात खात्रीची असते. खासगी नर्सरीत गेलात तर परवाना विचारायला लाजू नका. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ पासून कायदा आहे. आणि पावतीवर नुसतं ‘आंबा रोप’ नको, जातीचं नाव लिहून घ्या.

मग बाबांचा अंगठा. बुंध्यावर साधारण वीतभर उंचीवर कलमाचा सांधा दिसला पाहिजे. तिरपी खूण, थोडी गाठ, वरच्या आणि खालच्या सालीच्या रंगात फरक. सांधाच दिसला नाही तर ते रोप आहे, कलम नाही. सांधा दिसला तर पानं कुठून आलीत ते बघा. सगळी हिरवळ सांध्याच्या वर हवी. खालून फुटवे असतील तर ते काढलेले हवेत, आणि घरी आणल्यावरही दिसताक्षणी खुडायचे. संत्र्या-मोसंबीत तर हे फार होतं, खालचा जंबेरीचा काटेरी खुंट वरच्याला गिळून टाकतो. सांध्यावर प्लास्टिकची पट्टी राहिली असेल आणि जोड पक्का झाला असेल तर ब्लेडने हळूच काढा. नाहीतर बुंधा जाड होतो, पट्टी तशीच राहते आणि झाडाचा गळा आवळला जातो.

फळं लगडलेलं झाड बघून पाघळू नका. एवढ्याशा पिशवीत पाच फूट उंच झाड असेल तर आत मुळांचं भेंडोळं झालंय. मी तरी दोन-अडीच फुटांचं, जाड बुंध्याचं, फळ नसलेलं झाड घेतो. आणि पहिल्या वर्षी मोहोर आला तरी खुडतो. हे करताना हात थरथरतो, मान्य.

एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे वजन. आंब्याला ५०-६० लिटरची कुंडी लागते, लिंबू-पेरूला ३०-४० लिटर. ओल्या मातीचं वजन लिटरला दीड किलोच्या वरच धरा. म्हणजे नुसती माती भरलेली ६० लिटरची एक कुंडी ९०-१०० किलोची. बांधकामाच्या भारतीय मानकात, आय. एस. ८७५ मध्ये, वापराच्या सपाट गच्चीसाठी धरायचा भार दर चौरस मीटरला साधारण १५० किलो आहे, बाल्कनीसाठी किमान ३०० च्या आसपास. गच्चीच्या मधोमध ड्रमची रांग लावणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवा. इमारत जुनी असेल तर आधी इंजिनियरला विचारा, सॉफ्टवेअरवाल्याला नव्हे. कुंड्या भिंतीलगत ठेवा, आणि मातीत कोकोपीट आणि शेणखत भरपूर मिसळा, वजन बरंच उतरतं.

आणि ऊन. दिवसाला सहा तास थेट ऊन नसेल तर वरचं सगळं विसरा आणि कढीपत्ता लावा. रविवारी दर तासाला बाल्कनीचा एक फोटो काढा, ऊन किती वेळ पडतं ते कळेल. हे नर्सरीत जायच्या आधी करायचं.

आमचं रायवळ? मी ते टाकून देणार होतो. बाबा म्हणाले, खुंट चांगला आहे, टाकतोस कशाला. गावाकडून हापूसची काडी आणू म्हटलं, तर तेच म्हणाले, कुंडीत हापूस नको, आम्रपाली बघ. ओळखीच्या एका माळ्याकडून काडी मिळाली आणि त्यांनी स्वयंपाकघरातल्या सुरीने, ओट्यावर धार लावून, बाल्कनीत बसून कलम बांधलं. मी टॉर्च धरून उभा होतो. पहिला मोहोर त्यांनीच खुडला, मला विचारलंही नाही. यंदा मात्र चार फळं ठेवलीत. रोज सकाळी चहा घेऊन मोजायला जातात, चारच्या चार आहेत का ते.

पुढच्या भागात मातीचं मिश्रण आणि पावसाळ्यातला निचरा. तुमच्या झाडाच्या सांध्याचा फोटो पाठवा, मी बाबांना दाखवतो. पण आधी सांगून ठेवतो, ते तोंडावर सांगतात. भेटूया!