नवाब, मोगल आणि मुत्सद्दी

इंग्रजी वर्तमानपत्र वाचताना मराठी वाचक पुष्कळदा अडखळतो तो कठीण शब्दांपाशी नव्हे, तर ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांपाशी. अमेरिकेतील एखाद्या धनाढ्य चित्रपटनिर्मात्याला तेथे ‘मोगल’ म्हटलेले असते, जुन्या व मुरब्बी सचिवाला ‘मँडरिन’, तर कारखानदाराला ‘टायकून’. शब्दकोश उघडावा, तर या सर्वांपुढे ‘बडा माणूस’ एवढाच अर्थ आढळतो. परंतु एकाच अर्थाचे दहा शब्द कोणतीही भाषा उगाच बाळगीत नाही. बडेपणाच्या जितक्या जाती, तितके हे शब्द. आणि त्यांतील काहींचा माग काढीत गेले म्हणजे वाट थेट सुरतेच्या बंदरात येऊन पोहोचते.

विल्यम हॉकिन्स हा ‘हेक्टर’ जहाजातून १६०८ साली सुरतेस आला. पुढे काही वर्षांतच तेथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार उभी राहिली आणि १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याच बंदरात उतरून जहांगीर बादशहाच्या भेटीस गेला. त्या काळच्या इंग्रजांना दिल्ली-आग्ऱ्याचा बादशहा म्हणजे ‘द ग्रेट मोगल’. अमर्याद संपत्ती आणि अनियंत्रित हुकमत यांचे ते मूर्तिमंत रूप होते. बादशाही लयाला गेली, तरी इंग्रजीतील शब्द उरला. आज तो उद्योगाच्या एखाद्या क्षेत्रावर एकछत्री सत्ता गाजविणाऱ्या धनिकाला लावतात. त्यात दरारा आहे, पण निंदा फारशी नाही.

‘नवाब’ शब्दाचे दैव मात्र निराळे. मूळ अरबी शब्द ‘नायब’, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा. ‘अमीर’चे अनेकवचन जसे ‘उमराव’, तसे ‘नायब’च्या अनेकवचनापासून आदरार्थी ‘नवाब’ झाले. पोर्तुगीजांच्या उच्चारातून तो इंग्रजीत ‘नेबॉब’ बनला. अठराव्या शतकात कंपनीचे चाकर हिंदुस्थानात अमाप पैसा मिळवून मायदेशी परतू लागले, वाडे बांधू लागले, पार्लमेंटातील जागा विकत घेऊ लागले. तेव्हा त्यांच्याच देशबांधवांनी त्यांना हे नाव चिकटविले. सॅम्युएल फूट याने १७७२ साली ‘द नेबॉब’ नावाचे नाटक रंगभूमीवर आणून त्यांची यथेच्छ टर उडविली. म्हणून ‘नेबॉब’चे भाषांतर ‘मान्यवर’ असे करणारा अनुवादक अर्थाचा अनर्थ करतो. त्या शब्दात आयत्या श्रीमंतीचा हेवा आहे आणि ती कशी मिळाली याविषयीचा संशयही आहे.

मराठीत आलेल्या एका शब्दाचा प्रवास याच्या नेमका उलट झाला. मोगल अमदानीत सुरत बंदराच्या मुख्य अधिकाऱ्यास ‘मुत्सद्दी’ म्हणत. शब्दाचा मूळ अर्थ कामकाज पाहणारा. हिंदीत तो कारकून-मुनशी यांच्या पंक्तीस बसला. मराठीत मात्र चढत चढत नाना फडणिसांसारख्या राजकारणधुरंधरापर्यंत पोहोचला. खुद्द सुरतेच्या मुत्सद्द्याची कथा त्या पदाला शोभणारी नाही. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा तेथील अधिकारी इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून किल्ल्यात जाऊन बसला. ज्याच्याकडून इंग्रजांची कंपनीही कर्ज काढीत असे, त्या वीरजी व्होरा या अतिश्रीमंत व्यापाऱ्याची घरेही त्या लुटीतून सुटली नाहीत. पद, पैसा आणि पराक्रम या तीन निरनिराळ्या गोष्टी होत, हे त्या चार-पाच दिवसांत शहराने पाहिले.

इंग्रजीतील इतर शब्दांतही हाच भेद दिसतो. ‘बिगविग’ म्हणजे मोठा टोपवाला. एके काळी प्रतिष्ठित माणसे डोक्यावर केसांचा भला मोठा कृत्रिम टोप घालीत; त्यावरून आलेल्या या शब्दात थोडी थट्टा आहेच. ‘मँडरिन’ हा चिनी वाटणारा शब्द वस्तुतः आपला संस्कृत ‘मंत्री’. मलाया आणि पोर्तुगीज यांच्या वाटेने तो इंग्रजीत गेला. ‘टायकून’ हा जपानच्या शोगुनाचा किताब. अब्राहम लिंकनचे चिटणीस आपल्या अध्यक्षांना खाजगीत कौतुकाने याच नावाने संबोधीत. ‘बिग चीज’मधील चीज खाण्याचे नसून आपण ‘बडी चीज’ म्हणतो त्यातले असावे. ‘चीज’ म्हणजे अस्सल वस्तू, या जुन्या इंग्रजी बोलीचे मूळ यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या आपल्या कोशात फार्सी शब्दाकडेच नेले आहे.

मराठीही या बाबतीत दरिद्री नाही. ‘मातब्बर’ म्हणजे मुळात ज्याच्यावर विश्वास टाकावा असा. ‘वजनदार’ म्हणजे ज्याच्या शब्दाने पारडे झुकते असा. ‘बडी आसामी’ हे बहुधा पैशाचे माप. ‘बडे प्रस्थ’ म्हटले की मान डोलत नाही, नाक मुरडले जाते. आणि ‘बडे धेंड’ तर उघड तुच्छतेने म्हणावयाचे. तेव्हा ‘नेबॉब’ला ‘बडे धेंड’, ‘बिगविग’ला ‘बडे प्रस्थ’ आणि साध्या ‘इन्फ्लुएन्शल’ला ‘वजनदार’ म्हटले, तर अर्थाबरोबर भावही पोहोचतो.

सुरतेच्या नवाबाची अखेर या सर्व शब्दांवरील भाष्यच म्हणावे लागेल. इंग्रजांनी १७५९ साली तेथील किल्ला घेतला, १८०० साली शहराचा सारा कारभार हाती घेतला आणि नवाबाकडे किताब व तनखा तेवढा ठेवला. त्याच सुमारास विलायतेत मात्र कंपनीचे चाकर ‘नेबॉब’ म्हणून मिरवीत होते. नाव एकीकडे राहिले, सत्ता दुसरीकडे गेली. नायब म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा, हा मूळ अर्थ बडेपणाच्या भरात दोघेही विसरले होते. लोकांच्या वतीने कारभार पाहणाऱ्या आजच्या बड्यांनीही तो ध्यानी ठेवावा. नाही तर लोक त्यांच्यासाठी कोणता शब्द योजतील, हे सांगावयास कोश लागणार नाही.