भूक लागलीय की शुगर उतरलीय?

आजचा प्रश्न डायबिटीसवाल्या जवळजवळ प्रत्येकाचा आहे: पोळी-भात कमी केला, शुगर खाली आली, पण या भुकेचं करायचं काय?

सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करतो.

वयाच्या २९व्या वर्षी मला टाइप २ डायबिटीस निघाला. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सुरू केलं. मी एक व्हिडिओ पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून पोळी बंद, भात बंद. डॉक्टरांना विचारलंच नाही. ताटात उरलं काय? काकडी, कोशिंबीर आणि वाटीभर पालेभाजी.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ऑफिसच्या बसमध्ये पोटात खड्डा पडला. हात थरथरायला लागले, दरदरून घाम. मी आपला स्वतःला सांगतोय, ‘भूकच आहे, सहन कर.’ घरी पोचलो तर बुटाची लेस सुटेना. आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बाबांचं ग्लुकोमीटर आणलं. आकडा आला ५४.

“अरे, ही भूक नाहीये. आधी साखरपाणी पी,” आई म्हणाली.

त्या दिवशी एक गोष्ट कळली. सगळी भूक एकसारखी नसते. मी तिचे तीन प्रकार करतो.

पहिली: शुगर उतरल्याची भूक

ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. इन्सुलिनच्या इंजेक्शनचंही तेच. कार्ब कमी केले आणि डोस तोच ठेवला, तर शुगर ७०च्या खाली जाऊ शकते. थरथर, घाम, धडधड, चिडचिड आणि अचानक कडाडून भूक ही तिची लक्षणं.

अशा वेळी जिद्द दाखवायची नाही, मोजायचं. मशीन जवळ नसेल तर शुगर उतरलीय असंच धरायचं. साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार छोटे चमचे, पाण्यात ढवळून प्यायची. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. अजून ७०च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. वर आली की थोडं काहीतरी खायचं, कारण गोळीचा असर चालूच असतो. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझा डोस कमी केला. थोडं रागावल्याही, आणि बरोबरच होतं ते.

दुसरी: शुगर वाढल्याची भूक

हे ऐकायला उलटं वाटतं. रक्तात साखर भरपूर, पण इन्सुलिन नीट काम करत नाही म्हणून ती पेशींपर्यंत पोचत नाही. शरीराला वाटतं, आपण उपाशी. सोबत खूप तहान आणि वारंवार लघवी असेल तर ताटात बदल करून भागणार नाही, डॉक्टरांकडे जा.

तिसरी: अर्ध्या ताटाची भूक

पहिल्या दोन्ही नसतील, तर ही खरी भूक. आणि चूक बहुतेक वेळा इथेच होते. आपण पोळ्या काढतो, पण त्यांच्या जागी काहीच ठेवत नाही. भूक लागणारच ना!

मी आता आधी प्रोटीन ठरवतो. दोन अंडी म्हणजे साधारण १२ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर म्हणजे १८च्या आसपास. मासे, चिकन, सोयाबीनच्या वड्या, मटकीची उसळ, जे घरात असेल ते. उसळीत आणि वरणात कार्बही असतात, तेवढं लक्षात ठेवायचं. मग अर्धं ताट भाजी: दुधी, भेंडी, कोबी, पालेभाजी. फोडणीच्या तेलाला घाबरत नाही, शेंगदाण्याचं कूटही घालतो. भाजी आणि प्रोटीन आधी खातो, पोळी शेवटी, एकच.

आणि हो, ‘भाकरी चालते’ म्हणून तीन खाऊ नका. मध्यम पोळीत १५ ते २० ग्रॅम कार्ब असतात. ज्वारीची मोठी भाकरी त्याच्या दुप्पटही जाते.

संध्याकाळी पाचला चहासोबत बिस्किटं मागणारी भूक तर बऱ्याचदा सवयच असते. मी मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे खातो. पहिल्या आठवड्यात कार्ब कमी झाल्यावर शरीरातून पाणी आणि मीठही जास्त जातं, डोकं जड होतं, गळून गेल्यासारखं वाटतं. तेव्हा मिठाचं पातळ ताक मला बरं पडलं. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ आणि प्रोटीन दोन्ही विचारूनच वाढवा.

शेवटचं, पण महत्त्वाचं. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन अशा नावाची गोळी चालू असेल, तर कार्ब एकदम बंद करू नका. शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्ल साठू शकतं. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर थांबू नका, हॉस्पिटलमध्ये जा.

तर मंडळी, पोळी कमी करायच्या आधी आपल्या गोळ्यांची नावं वाचा आणि एक फोन डॉक्टरांना करा. मी तो फोन पाच दिवस उशिरा केला. घरी आई होती म्हणून निभावलं.

भेटू पुढच्या भागात. जेवलात ना?