गिरणीचा भोंगा थांबला की...

गँगवॉरचे सिनेमे आपण भरपूर बघतो. त्यातला गुंड पहिल्या दृश्यापासून गुंडच असतो. तो तसा का झाला, हे विचारायची गरज कोणाला वाटत नाही. महेश मांजरेकर यांचा ‘लालबाग परळ : झाली मुंबई सोन्याची’ हा २०१० चा सिनेमा मात्र नेमकं तेच विचारतो. तरुण मंडळींनी तो बघितला नसेल, तर जरूर बघा. मारामारी आणि शिव्या बऱ्याच आहेत, त्यामुळे लहान मुलांना सोबत बसवू नका.

गोष्ट आहे गिरणगावातल्या चाळीत राहणाऱ्या धुरी कुटुंबाची. गिरणी बंद, पगार बंद. बाबाला लेखक व्हायचंय, मोहनच्या डोक्यात क्रिकेट, नरूला टोळीची ओढ, आणि त्यांची बहीण मंजू. या सगळ्यांना धरून ठेवणारी आई सीमा बिस्वास यांनी फार ताकदीने उभी केली आहे. सिद्धार्थ जाधवचा ‘स्पीडब्रेकर’ आधी हसवतो आणि नंतर त्याचीच भीती वाटायला लागते. चित्रपटाचा आधार आहे जयंत पवार यांचं १९९७ चं ‘अधांतर’ हे नाटक.

यामागचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बोनस या मागण्या होत्याच. शिवाय एकाच संघटनेला मान्यता देणारा १९४६ चा कायदा बदलावा, अशीही मागणी होती. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. हजारो घरांची कमाई मात्र कायमची गेली. अनेकांनी गावाकडची, कोकणाची किंवा घाटावरची वाट धरली. जे मागे राहिले, त्यांची मुलं चाळीच्या नाक्यावर वाढली, आणि त्याच नाक्यावर टोळ्या माणसं शोधत होत्या.

सिनेमात गोळ्या झाडणारी पोरं दिसतात, पण त्यांच्या मागे जमिनीचा व्यवहार दिसत राहतो. हे नुसतं पटकथेपुरतं नाही. मे १९९४ मध्ये खटाव मिलचे सुनीत खटाव यांची भर रस्त्यात हत्या झाली. १६ जानेवारी १९९७ रोजी खुद्द दत्ता सामंतांचा खून झाला. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते : एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे. आपल्यातले कित्येक जण तिथे खरेदी करून आले असतील.

आता म्हणाल, बेज्जूरच्या माणसाला लालबागचं काय? आमचं गाव जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलं. प्राणहिता ओलांडली की पलीकडे गडचिरोली. आमच्या भागातला मोठा कारखाना म्हणजे कागजनगरची सिरपूर पेपर मिल, निजामाच्या काळात १९३८ मध्ये स्थापन झालेली. गावाचं नावच कागदावरून पडलेलं. सप्टेंबर २०१४ मध्ये ती बंद पडली. पुढे दिवाळखोरीच्या कायद्यानुसार २०१८ मध्ये जेके पेपरने ती घेतली आणि मिल पुन्हा सुरू झाली.

एक गिरणी उठली, दुसऱ्या का उठल्या नाहीत? त्याची कारणं पुष्कळ असतील. मला एक मोठं कारण दिसतं ते जमिनीच्या भावाचं. परळमध्ये चालू गिरणीपेक्षा बंद गिरणी जास्त मोलाची झाली होती. कागजनगरात तसं नव्हतं. तिथे किंमत होती ती यंत्रांना, बांबू-लाकडाला आणि काम येणाऱ्या हातांना. म्हणजे कामगार आळशी होता की कष्टाळू, यावर त्याचं भविष्य ठरलंच नाही. ते ठरलं त्याच्या पायाखालच्या जमिनीच्या भावावर.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे नोकरकपातीचा मेल येतो, तेव्हा हाताशी थोडी बचत असते आणि दुसरीकडे अर्ज करता येतो. धुरींच्या घरात यातलं काहीच नव्हतं. म्हणून ‘पोरं वाया गेली’ हे वाक्य मला आता पटत नाही. नरूने केलेले गुन्हे त्याचेच आहेत, सिनेमाही त्याला सोडत नाही. पण पगार थांबल्यापासून हातात पिस्तूल येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला होता. त्या काळात सरकार, मालक, संघटना, शेजारी यांच्यापैकी कोणीतरी त्या दाराशी यायला हवं होतं.

आपल्यातल्या बऱ्याच घरांत एखादे आजोबा, काका किंवा मामा गिरणीत होते. सिनेमा बघून झाला की घरी विचारा : १९८२ नंतर आपल्याकडे चूल कोणी पेटती ठेवली? बहुतेक घरांत उत्तर एखाद्या बाईचं नाव असेल. ते नाव लिहून ठेवा.