हृदयविकारानंतरचे घर

पाचगणीचे नाव घेतले की आजच्या विद्यार्थ्याला निवासी शाळा, स्ट्रॉबेरी आणि टेबललँडचे पठार आठवते. त्याच्या पणजोबांना मात्र 'हवापालट' हा शब्द आठवला असता. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या परिसरात जॉन चेसन या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे ठिकाण वसवले. थंड हवेत प्रकृती सुधारावी हा त्यामागचा एक मुख्य हेतू होता. पुढे १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी तेथे क्षयरोग्यांसाठी 'बेल-एअर' हे आरोग्यधाम सुरू केले. क्षयावर गुणकारी औषध नव्हते तेव्हा मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. त्यासाठी रोग्याला घरापासून दूर राहावे लागे.

औषधे आल्यावर ही समजूत तपासून पाहणे शक्य झाले. १९५६ पासून मद्रास येथे क्षयरोग्यांचे दोन गट करून अभ्यास झाला. एका गटाने आरोग्यधामात राहून औषधे घेतली, दुसऱ्याने आपापल्या घरी. घरच्या गटातील रोग्यांना आहार कमी प्रतीचा मिळत होता, विश्रांतीही कमी होती. तरीही दोन्ही गटांत गुण येण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. रोगी घरी राहिल्याने घरच्यांना लागण होण्याचा धोकाही वाढला नाही. उपचाराची जागा डोंगरावरून घरात आली.

हृदयविकाराच्या बाबतीत हा प्रवास अजून पुरता झालेला नाही. झटका येऊन गेलेल्या माणसाला 'काही दिवस पाचगणी-महाबळेश्वरला नेऊन ठेवा' असे सुचवणारे हितचिंतक आजही भेटतात. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे. तेथील हवेतही प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच असते. पण हवेचा एकूण दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८५ टक्के असल्याने प्रत्येक श्वासातून थोडा कमी प्राणवायू मिळतो. प्रकृती स्थिर असलेल्या बहुतेक रोग्यांना एवढ्या उंचीचा त्रास होत नाही. टेबललँडसारख्या सपाटीवर सावकाश चालताना शरीराला बसलेल्या स्थितीच्या साधारण तिप्पट ऊर्जा लागते. चढावर ती सहापट किंवा त्याहूनही अधिक होते. म्हणून अशा सहलीपूर्वी डॉक्टरांना विचारावे हे बरे. पण मुख्य प्रश्न वेगळाच आहे. हवा बदलून माणूस चार आठवड्यांनी ज्या घरात परततो, तेथे त्याला काय मिळते?

खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून रस्त्यावर

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमनीत गुठळी अडकली की त्या भागातील स्नायू मरू लागतो. मेलेल्या भागाच्या जागी काही आठवड्यांत कठीण व्रण तयार होतो. हा व्रण भरेपर्यंत हालचाल नको, म्हणून पूर्वी रोग्याला सहा-सहा आठवडे खाटेवर निजवून ठेवत. १९५२ मध्ये सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या अमेरिकी डॉक्टरांनी रोग्यांना लवकर खुर्चीत बसवण्याचा पुरस्कार केला. त्यावर बरीच टीका झाली, पण रोग्यांना त्याचा फायदाच होत होता. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. ते बरे होऊन कामावर परतले, पुढच्या वर्षी पुन्हा निवडूनही आले. झटक्यानंतर माणूस कायमचा निकामी होतो ही कल्पना त्यामुळे खूपच मागे पडली. आज गुंतागुंत नसेल तर काही दिवसांतच रोग्याला चालायला लावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणेही हृद्रोग्याचे पुनर्वसन शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही बाजूंनी व्हावे लागते.

मन खचते तेव्हा

यातील मानसिक बाजू किती महत्त्वाची आहे? १९९३ मध्ये माँट्रियल येथील संशोधकांनी झटक्यातून वाचलेल्या २२२ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील साधारण सहांपैकी एकाला तीव्र नैराश्य होते. हृदयाची अवस्था हिशेबात धरूनही, या गटात पहिल्या सहा महिन्यांत मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे चौपट होता. त्याआधी, १९९२ मध्ये, अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातून आणखी एक निष्कर्ष आला होता. ज्या हृद्रोग्यांना जोडीदार नव्हता आणि मन मोकळे करायला जवळचे कोणीही नव्हते, त्यांपैकी पाच वर्षांनी सुमारे ५० टक्केच हयात होते. बाकीच्यांत हे प्रमाण ८२ टक्के होते.

याची कारणे काही अंशी समजतात. सततच्या ताणात अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरके वाढतात, नाडी आणि रक्तदाब चढे राहतात, रक्तातील बिंबिका अधिक चिकट होऊन गुठळीची शक्यता वाढते. दुसरे कारण अगदी साधे आहे. खचलेला माणूस गोळ्या चुकवतो, फिरणे सोडतो, पुन्हा विडी-सिगारेटकडे वळतो.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगात २,४८१ रोग्यांपैकी निम्म्यांना मानसोपचार आणि सामाजिक आधार देण्यात आला. त्यांचे नैराश्य कमी झाले, पण मृत्यू किंवा दुसऱ्या झटक्याचे प्रमाण घटले नाही. म्हणजे प्रसन्न मन हा औषधांना पर्याय नव्हे. नैराश्यावर उपचार करायचे ते मुख्यतः त्या दुःखातून सुटका व्हावी म्हणून. 'तू काळजी करतोस म्हणून तुझे हृदय बिघडले' असे रोग्याला सुनावण्याला शास्त्राचा आधार नाही.

तीन मिनिटांचा प्रयोग

मग घरच्यांनी नेमके काय करावे? १९८५ मध्ये स्टॅनफर्ड येथे प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग याचे उत्तर देतो. झटक्यानंतर तीन आठवड्यांनी ३० पुरुषांची ट्रेडमिलवर, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवून, चाचणी घेतली. दहा जणांच्या पत्नी चाचणीच्या वेळी बाहेर होत्या. दहा जणींनी ती पाहिली. उरलेल्या दहा जणींनी ती पाहिली आणि नंतर नवऱ्याने गाठलेल्या सर्वांत कठीण पातळीवर स्वतः तीन मिनिटे चालूनही पाहिले. पहिल्या दोन गटांतील स्त्रियांना आपल्या नवऱ्याला फारसे श्रम झेपणार नाहीत असेच वाटत राहिले. तिसऱ्या गटातील स्त्रियांचा अंदाज मात्र नवऱ्याच्या स्वतःच्या अंदाजाइतका वर गेला. दोघांचाही विश्वास जेथे होता, तेथे पुढच्या महिन्यांत नवऱ्याची प्रगतीही चांगली झाली.

आपल्याकडे पाहा. 'अहो, तुम्ही उठू नका, मी देते', 'बाबांना काही सांगू नका, त्यांना टेन्शन देऊ नका' ही वाक्ये प्रेमापोटीच येतात. पण घराचे निर्णय, बाजारहाट, मुलांच्या अडचणी हे सारे काढून घेतल्यावर त्या माणसाला कळते ते एवढेच, की आपण आता उपयोगाचे राहिलो नाही. जपणूक आणि आधार यांत हा फरक आहे. जपणूक रोग्याच्या वतीने कामे करते. आधार त्याला ती पुन्हा करू देतो आणि सोबत राहतो.

स्त्री आजारी असेल तर चित्र बहुधा उलटे असते. भेटायला येणारे पाहुणे संपले की तिची विश्रांतीही संपते आणि पाण्याचा हंडा पुन्हा तिच्याच कमरेवर येतो. तिला आधार देणे म्हणजे कामाची नवी वाटणी करणे आणि तिच्या फिरण्यासाठी रोज अर्धा तास मोकळा ठेवणे.

मराठी वाचकांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात स्वतःच्या आजारानंतर आहार, व्यायाम आणि ध्यान यांद्वारे जीवन कसे बदलले ते लिहिले आहे. असे बदल एकट्याने टिकत नाहीत. घरात एकाचे ताट अळणी आणि बाकीच्यांची भजी असतील, तर पथ्य फार दिवस चालत नाही.

शिक्षकांसाठी

पालकाला झटका आल्यावर मुलांपासून सत्य लपवले जाते, विशेषतः वसतिगृहात राहणाऱ्या मुलांपासून. मूल मात्र घरातल्या बदललेल्या आवाजावरून ओळखते आणि कधी कधी 'माझ्यामुळेच झाले' असे समजते. त्याला साध्या शब्दांत खरे सांगावे. आजारातून परतलेल्या सहकाऱ्याचे सर्व तास काढून घेण्यापेक्षा, त्याला विचारून वरच्या मजल्यावरचे वर्ग बदलून द्यावेत.

फिरताना छातीत दुखले, धाप लागली किंवा दरदरून घाम आला तर थांबावे. हे लगेच शमले नाही तर १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर तीही डॉक्टरांना सांगण्याचीच गोष्ट आहे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. प्रकृती ठीक असलेल्या विद्यार्थ्यांनी बसून, पाच मिनिटे सपाटीवर चालून आणि दोन जिने चढून आपली नाडी मोजावी व तिचा आलेख काढावा. नाडी पूर्ववत व्हायला किती वेळ लागला तेही नोंदवावे. श्रमाने वाढलेले ठोके पुन्हा खाली येतात हे ज्या मुलाने स्वतः मोजले आहे, ते घरी आजोबांना अंगणातही फिरू न देणाऱ्यांना समजावून सांगू शकेल. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर ते त्यांच्याबरोबर चालायलाही जाईल.