रात्रीच्या नाकाबंदीत माणूस अडकला तर... घरच्या माणसांनी काय करावे?

आमच्या वस्तीतल्या एका रिक्षावाल्याची ही गोष्ट. भाच्याच्या हळदीला गेला, मित्रांच्या आग्रहाला बळी पडला आणि थोडी घेऊन रिक्षा चालवत घरी निघाला. चौकात नाकाबंदी होती. मशीनमध्ये फुंकर मारायला लावली, आकडा जास्त आला. रात्री साडेबाराला बायकोला निरोप मिळाला, "तुझ्या नवऱ्याला ठाण्यात नेले." बिचारी धाकट्या लेकराला कडेवर घेऊन ठाण्याबाहेरच्या बाकावर रात्रभर बसून राहिली. पहाटे एक अनोळखी माणूस भेटला. "मी जामीन करून देतो, पण खर्च येईल," म्हणाला. बाईने कानातले गहाण टाकले. पुढे कोर्टाच्या आवारात त्याच माणसाने रिक्षावाल्याला सांगितले, "गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो." त्याने कबूल केला.

दंड भरला तेव्हा सुटलो असे त्याला वाटले. पण आपल्या नावावर शिक्षा लागली, हे त्याला कोणी सांगितले नाही. मुळात तो गुन्हा जामीनपात्र होता. कानातले गहाण टाकायची गरजच नव्हती.

वाचकहो, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची बाजू घेण्यासाठी हे लिहीत नाही. दारूने आपल्या किती घरांची राखरांगोळी केली, हे वस्तीतल्या प्रत्येक आयाबहिणीला ठाऊक आहे. पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. ते स्टिअरिंगवर बसतानाही आठवले पाहिजे, कारण समोरून येणारे लेकरू कोणाचेही असू शकते. पण चूक झाली म्हणून माणसाचे हक्क संपत नाहीत, आणि पोलिसांनी ज्याला धरले त्याची चूक असतेच असेही नाही.

बाबासाहेबांनी दिलेले कलम

१५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी एक नवे कलम मांडले. मसुद्यात त्याचा क्रमांक १५-अ होता. आज तेच आपल्या संविधानाचे कलम २२ आहे. अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिलाच पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे, असे ते सांगते. कलम २०(३) सांगते की, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही. हे हक्क बंगल्यातल्या माणसाला आहेत, तसेच झोपडीतल्या माणसालाही आहेत.

दारू आणि गाडी : कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडले तर गुन्हा. पहिल्यांदा सापडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीने दंडाचे आकडे असे वाढले. शिवाय लायसन्स जप्त होते, आणि रिक्षा-टेंपोवर पोट असणाऱ्याला तोच खरा मार आहे. लायसन्स घेतले तर पोच मागून घ्या.

हा गुन्हा रस्त्यावर तडजोडीने मिटत नाही. त्याचा निकाल कोर्टातच लागतो. म्हणून "इथेच काहीतरी देऊन टाक" असे कोणी म्हणाले, तर ते पैसे सरकारी तिजोरीत जाणार नाहीत हे समजून घ्या. लाच देणे हाही गुन्हाच.

फुंकर मारायला नकार देऊ नका. सबळ कारणाशिवाय दिलेला नकार कोर्टात आपल्याच विरुद्ध वापरता येतो, आणि संशयाला आधार असेल तर त्यावरून अटकही होऊ शकते. पण मशीनवर आलेला आकडा पाहून घ्या, तो लिहून ठेवा. याच कायद्याच्या कलम २०२ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट आहे. कलम १८५ खाली वॉरंटशिवाय अटक केली, तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. ती झाली नाही तर त्या माणसाला सोडले पाहिजे. म्हणून अटक किती वाजता झाली, हे घड्याळात पाहून ठेवा. पुढे त्याचा उपयोग होतो.

ठाण्यात गेल्यावर

जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. नाव बदलले, कलमांचे आकडे बदलले, पण हे हक्क कायम आहेत.

अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव स्पष्ट दिसले पाहिजे. अटकेचा कागद तयार झाला पाहिजे आणि त्यावर घरच्या किंवा वस्तीतल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९६ साली हे बजावले होते. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येते, मात्र पूर्ण चौकशीभर वकील शेजारी बसेल असे नाही. डॉक्टरी तपासणीच्या अहवालाची प्रत आपल्याला मिळते. अपवादात्मक परिस्थिती सोडून सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. तशी वेळ आलीच तर महिला पोलीस अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात आणखी स्पष्ट केले की, अटकेची कारणे लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. तेव्हा इंग्रजी कागद पुढे आला, तर "साहेब, मला मराठीत लिहून द्या," असे नम्रपणे सांगा.

कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नका. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करण्याची गरज नसते. पोलिसांपुढे दिलेली कबुली गुन्ह्याचा पुरावा म्हणून कोर्टात चालत नाही. फक्त त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग चालतो. आणि एक सांगते, हमरीतुमरीवर येऊ नका. शिवीगाळ, धक्काबुक्की झाली की एका गुन्ह्याचे दोन होतात.

जामीन आणि वकील

कलम १८५ चा गुन्हा जामीनपात्र आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन मिळणे हा हक्क आहे आणि तसे सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ज्याला आठवड्याभरात जामीनदार मिळत नाही, त्याला कायदा गरीब मानतो आणि जातमुचलक्यावर सोडायला सांगतो. अपघातात कोणी दगावले तर मात्र कलमे वाढतात, प्रकरण गंभीर होते. तेव्हा पळून जाऊ नका. जखमीला दवाखान्यात पोहोचवा, पोलिसांना कळवा आणि लगेच वकील गाठा.

वकिलाला पैसे नाहीत? विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची माणसे, स्त्रिया, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली माणसे यांना उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, तेव्हा जातीचा दाखला जवळ ठेवा. तालुका आणि जिल्हा कोर्टात विधी सेवेचे कार्यालय असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मदत मागता येते.

कोर्टात "गुन्हा कबूल आहे का?" असे विचारतील. घाईने "हो" म्हणू नका. आधी कागदपत्रांच्या प्रती घ्या, वकिलाशी बोला, मग ठरवा. चूक झाली असेल तर ती मान्य करण्यात कमीपणा नाही, पण काय कबूल करतो आणि त्याचा परिणाम काय, हे कळून कबूल करावे.

त्या रिक्षावाल्याच्या बायकोने पुढे मोलमजुरी करून कानातले सोडवले. आता महिला मंडळाच्या बैठकीत ती स्वतः उभी राहून सगळ्यांना विचारते, "पंधरा-एकशे कोणाकोणाला पाठ आहे?"

भगिनींनो, हा कागद कापून रेशन कार्डाबरोबर ठेवा. आणि घरातला माणूस हळदीला निघाला, की रिक्षाची चावी आपल्याकडे ठेवून घ्या.